खुरातली रेघ

दसऱ्याच्या सकाळी आंबेमाळच्या कमानीखालून पहिला घोडा गेला तो लाल. हर्षालीला त्याचं विशेष काही वाटलं नाही. दुसरा हिरवा गेला, मग तिसरा लाल, चौथा लाल, आणि पाचव्यालाही कमानीनं लाल दिवा दाखवला तेव्हा मात्र ती खुर्चीवरून उठली. कमान बसवल्यापासून आख्ख्या पावसाळ्यात मिळून एवढे लाल लागले नव्हते. बाहेर रांगेत नुकतीच अंघोळ घातलेले, झेंडूचे हार ल्यालेले घोडे उभे होते, त्यांचे मालक नव्या सदऱ्यांत होते, आणि खालच्या तळावर सुट्टीची माणसं गाड्या भरभरून उतरत होती. सणाच्या दिवशी तोंड गोड करायचं सोडून ही बाई आमच्या तोंडचा घास काढतेय, असं कुणीतरी मागून बोललं. तिला ऐकू जावं म्हणूनच बोललं.

आंबेमाळ म्हणजे घाटमाथ्यावरचं थंड हवेचं गाव. वर मोटारीला बंदी. खालच्या तळापासून बाजारापर्यंत तांबड्या मातीचा चढ आहे, तो चढायचा तर पायी नाहीतर घोड्यावर. आजोबांच्या काळापासून हेच चाललं होतं आणि असंच चाललं असतं, पण गेल्या नाताळात उतारावर एका घोड्याचं पाऊल मोडलं. ठेच नाही, घसरण नाही, चालता चालता खुरातलं हाड फुटलं आणि घोडा कड्याच्या बाजूला कोसळला. पाठीवर एक लहान मुलगी होती. ती वाचली नाही.

मग व्हायची ती ओरड झाली. घोडे बंद करा, विजेच्या गाड्या आणा. घोडेवाल्यांच्या वस्तीतून शिकून जनावरांची डॉक्टर झालेली एकटी हर्षाली ढेबे. तिनं अर्ज-विनंत्या करून ही कमान आणली आणि सरकारकडून कबूल करून घेतलं की रोज सकाळी प्रत्येक घोड्याची हाडं तपासली तर घोडे राहतील. वस्तीच्या सभेत लोक तिच्यावर धावून गेले होते. यंत्र काय सांगणार, आम्ही घोड्यांत जन्मलो, वगैरे वगैरे. तेव्हा तिचा थोरला भाऊ नामदेव उठला. वडील लवकर गेले, त्यानंतर घोड्याच्या शेजारून तो चढ-उतार चालून चालून ह्या माणसानं बहिणीला शिकवलं होतं. सभेत तो फार बोलला नाही. माझी कस्तुरी पहिली घाला कमानीखालून, एवढंच म्हणाला. विषय संपला.

कमान म्हणजे चालत्या घोड्याचा एक्स-रे. पूर्वी घोड्याच्या पायाचा फोटो काढायचा म्हणजे त्याला ठोकळ्यावर उभं करायचं, दोघांनी धरायचं, आणि तो हलू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. शिवाय उभ्या पायात केसासारखी भेग मिटलेली असते, ती दिसतच नाही. पाऊल पडलं, अंगाचा भार सांध्यावर आला, हाड जरासं दबलं, की ती भेग उघडते आणि पुढच्या क्षणी पुन्हा मिटते. कमान नेमका तो क्षण धरते. मालक कठड्याबाहेरून लांब दोर धरतो, घोडा मधून चालत जातो, आणि चारही पायांचे सांधे पडद्यावर हलताना दिसतात. हाड पांढरं, भेग काळी. बाकीचा हिशेब यंत्राचा. त्यानं पावसाळाभर आंबेमाळच्याच घोड्यांची चित्रं पाहून धडकं हाड कसं दिसतं ते शिकून घेतलं होतं. घोडा लंगडायला लागायच्या कितीतरी आधी ते सांगतं की हा पाय मोडणार आहे.

नियमही सोपा होता, म्हणजे कागदावर. लाल लागला तर घोडा चढावर जाणार नाही. त्याच दिवशी फेरतपासणी. पुन्हा लाल लागला तर परवाना कायमचा बंद, आणि घोडा खाली, परवाने देणाऱ्या सरकारी मंडळाच्या पांजरपोळात. तिथे घोडे किती जगतात हे वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

नामदेवदादाचा नंबर आला. कस्तुरी ही तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी. दादानं तिला शिंगरू असताना आणली होती. वहिनी गंमतीनं तिला सवत म्हणायची, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. कस्तुरी डौलात कमानीखालून गेली. लाल. पुढचे दोन्ही पाय.

नामदेवदादानं दिव्याकडे पाहिलंच नाही. त्यानं बहिणीकडे पाहिलं, घोडी बाजूला नेऊन बांधली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. 

तेवढ्यात मंडळाच्या कारखानीस साहेबांचा फोन आला. ते खाली शहरात बसून पडद्यावर दिवे बघत. आवाज अगदी मऊ. मॅडम, आज निम्म्याहून जास्त लाल दिसतायत, संध्याकाळपर्यंत फेरतपासणी उरकून घ्या, उद्या सकाळी तळावर घोडे न्यायला गाड्या पाठवतो. यंत्रात काही दोष असेल, असं ती म्हणाली. यंत्र तुम्हीच मागितलंत, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हर्षालीनं तपासणी थांबवली आणि पडद्यासमोर बसली. एकेक चित्र पुन्हा पाहिलं. खुराच्या आत, अगदी तळाशी, पावलाचं हाड असतं. सगळ्यांच्या रेघा त्याच हाडात, मध्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एकाच ठिकाणी. आता हाडं काय बैठक घेऊन फुटतात? साथ आली म्हणावी तर साथीनं हाडं मोडत नाहीत. आणि जे हिरवे गेले ते कोण? उठून तिनं बाहेर पाहिलं. हिरवे गेलेले घोडे रांगेतल्या आळश्यांचे होते. गळ्यात हार घातला की झाला दसरा, अशा माणसांचे.

ती एका लाल घोड्याजवळ गेली, त्याचा पाय उचलला, आणि खूर बघून शेजारच्या दुसऱ्या लाल घोड्याचाही पाय उचलला.

दसऱ्याला आंबेमाळात घोड्याची पूजा होते. घोडा हिंदूचा असो की मुसलमानाचा, त्याला अंघोळ, खरारा, हार, आणि मुख्य म्हणजे खुरांची सफाई. खुराच्या तळाशी मधोमध रबरासारखा तिकोनी भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाचा. पावसाळाभर त्यांत साठलेला चिखल ह्या एका दिवशी लोखंडी आकड्यानं पार तळापर्यंत उकरून काढतात, घासून धुतात, वर तेल लावतात. देवाच्या दिवशी लक्ष्मीच्या पायाला घाण नको. हर्षालीच्या हातातला खूर असा लख्ख होता की त्यावर कुणी प्रसाद ठेवला असता.

आणि रिकाम्या खाचेत असते हवा. एक्स-रेला हवा अडवत नाही, म्हणून ती चित्रात काळी येते. हाडावर काळी रेघ, हुबेहूब भेग. कॉलेजात हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. खुराचा फोटो काढायचा तर आधी खाचा मऊ लगद्यानं भरून घ्या. ती विसरली होती, कारण विसरायला पावसानं मदत केली होती. जूनपासून प्रत्येक घोडा येताना खुरात चिखल घेऊनच यायचा. खाचा आपोआप भरलेल्या. यंत्रानंही तेच खूर पाहून शहाणपण मिळवलं, आणि आज पहिल्यांदा त्याच्यापुढे स्वच्छ खूर आले तर ते बिचकलं.

तिनं बाहेर येऊन हे सगळं मोठ्यानं सांगितलं. सांगताना तिला हसूही येत होतं आणि रडूही. मग घोडेवाल्यांचे म्होरके हमीदभाई नालबंद म्हणाले की म्हणजे आम्ही घोडे धुतले म्हणून आजारी पडले होय, आणि सगळी रांग खो खो हसायला लागली. तळ्याकाठचा तांबडा चिखल बादल्यांतून आला. ज्यांनी पहाटे उठून खुरं लख्ख केली होती तेच आता एकमेकांना चिडवत त्यांत चिखल थापत होते. दुपारी घोडे पुन्हा कमानीखालून गेले. हिरवा, हिरवा, हिरवा. कस्तुरी, हिरवी. हर्षालीचा जीव भांड्यात पडला. हमीदभाईंनी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि सोनं घे बेटा म्हणाले. नामदेवदादानं जाता जाता तिच्या डोक्यावर चिखलाच्याच हातानं टपली मारली आणि कस्तुरीला घेऊन खालच्या तळाकडे निघून गेला.

इथे ही गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं.

दुपार कलून सगळं सामसूम झाल्यावर हर्षाली यंत्राला शिकवायला बसली. सकाळची चित्रं एकेक उघडायची आणि यंत्राला सांगायचं, ही भेग नव्हे, हवा आहे, पुन्हा चुकू नकोस. ओळखायची खूणही पक्की होती. हवेची रेघ हाडाच्या काठापाशी थांबत नाही. ती खाचेबरोबर जाते, हाड ओलांडून पुढे मांसावरही दिसते. भेग हाडाची असते, म्हणून ती हाडाच्या काठाशी संपते. एक चित्र, काठ ओलांडून गेलेली रेघ, हवा. दुसरं चित्र, हवा. तिचा हात भराभर चालत होता आणि मनात घरी केलेल्या बासुंदीचा विचार होता.

कस्तुरीचं चित्र आलं. एक रेघ काठ ओलांडून गेली होती. तिच्या शेजारी दुसरी होती, जरा तिरकी, बारीक. ती काठाशी थांबली होती. हर्षालीनं चित्र मोठं केलं. भार येताना रेघ रुंदावत होती, पाय उचलताना मिटत होती. दुसऱ्या पायातही तशीच.

तिनं घाईघाईनं दुपारचं चित्र उघडलं. चिखल भरलेल्या खुरात ती रेघ नव्हती. पण तिथे हाडही धड दिसत नव्हतं, नुसता पांढरट धूर दाटला होता. आता मात्र तिची पाचावर धारण बसली. आंबेमाळची माती तांबडी आहे ती लोखंडामुळे. लोखंड एक्स-रे अडवतं. कॉलेजातला लगदा वेगळा, ही माती वेगळी. ह्या चिखलानं खाचा भरल्या होत्याच, पण मागचं हाडही झाकून टाकलं होतं. तिनं ऑगस्टची चित्रं उघडली, जुलैची उघडली. सगळीकडे तोच पांढरा धूर. यंत्रानं त्यालाच धडकं हाड समजून पावसाळाभर हिरवे दिवे दाखवले होते, आणि त्या दिव्यांच्या भरवशावर लोक आपली मुलं घोड्यांवर बसवत होते.

तिनं भावाला फोन लावला. तो सापडला निम्म्या चढावर. कस्तुरीच्या पाठीवर सुरतेहून आलेल्या एक जाडजूड आजी होत्या.

"दादा, आजींना खाली उतरव. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"कस्तुरीचं लाल खरं होतं."

"हर्षे, सकाळी चुकली होतीस का आत्ता चुकतीयस, तेवढं सांग."

"दुपारी चुकले," ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला. तो आजींना उतरवतोय की तसाच पुढे येतोय, हे तिला कळायला मार्ग नव्हता. वळणापलीकडचा चढ कमानीपासून दिसत नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि मनात त्या उताराचा प्रत्येक दगड मोजत गेली. नाताळातली ती मुलगी तिनं पाहिली होती, झोळीत घालून वर आणताना. त्यानंतर कितीतरी दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. शेवटी वळणावर आजी दिसल्या, पायी, धापा टाकत आणि नामदेवदादाला नावं ठेवत. मागून तो रिकाम्या घोडीला घेऊन हळूहळू येत होता.

त्यानं कस्तुरीला कमानीमागे नेलं, जिथे रस्त्यावरून दिसत नाही. खालच्या आवाजात बोलला. त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं. यंत्रात हिरवं लागलंय ना, मग हिरवंच राहू दे. उद्यापासून तो तिला घरी बांधून ठेवणार. हाड आहे, सहा-आठ महिन्यांत सांधेल, तूच सांगतेस ना सांधतं म्हणून. विचारलं कुणी तर म्हणायचं पोटाचं दुखणं आहे. पुन्हा कमानीखालून घातली की दुसरं लाल, आणि दुसरं लाल म्हणजे पांजरपोळ. आयुष्यात त्यानं बहिणीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागायची सवय नव्हती म्हणून बोलताना तो घोडीच्या आयाळीकडे बघत होता.

"आणि बाकीच्यांचे घोडे?" तिनं विचारलं.

"त्यांचं ते बघतील."

कसं बघतील? हर्षालीला तेच खुपत होतं. कस्तुरी गुपचूप घरी राहिली तर चिखल खोटं बोलतो हे कुणाला कळणार नाही. उद्या सकाळी सगळी रांग खुरात तांबडा चिखल थापून येईल, दाबून दाबून, आणि एकजात हिरवी जाईल. हे त्यांना तिनंच शिकवलं होतं. त्या रांगेत कुणाच्या खुरात काय आहे हे देवालाच ठाऊक. आणि पुढे दिवाळीची गर्दी. दुसरीकडे हा भाऊ. त्याच्या टाचांच्या भेगा तिनं लहानपणी मेण तापवून भरल्या होत्या. एकदा सोडून दे, एकदाच, असं तिच्या मनानं तिला चांगलं दहादा सांगितलं.

"दादा, मला जमायचं नाही रे," ती म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

त्यानं विचारलं की तुझी तरी खात्री आहे का. तिनं खरं ते सांगितलं. पूर्ण खात्री नाही. स्वच्छ खुरात हवा फसवते, चिखलात लोखंड फसवतं. तिसरं काहीतरी भरून बघायला हवं. मांसासारखं, ना हलकं ना जड. हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की असलं तिसरं काहीतरी आज वस्तीतल्या घराघरांत परातीत मळून ठेवलेलं आहे.

तिनं हमीदभाईंकरवी सगळे घोडे माघारी बोलावले आणि पुन्हा लागलेल्या रांगेपुढे जाऊन सगळं सांगितलं. चिखलाचं, हिरव्या दिव्यांचं, स्वतःच्या दोन्ही चुकांचं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. सकाळी एक बोलतेस, आता दुसरं, उद्या तिसरं बोलशील, असं एक जण म्हणाला आणि त्याचं काही चूक नव्हतं. हमीदभाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि घरी निरोप धाडला. त्यांच्या पत्नी शमीमभाभी स्वतः परात घेऊन आल्या. पुऱ्यांसाठी घट्ट मळलेली कणीक. खुरासाठी पाहिजे हे ऐकून त्यांनी डोळे मोठे केले, पण विचारलं काही नाही.

नामदेवदादानंच कस्तुरीचे खूर आकड्यानं उकरले, ब्रशानं घासले, धुतले, आणि खाचांत कणीक दाबून भरली. कुठे पोकळी राहू नये म्हणून अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबली. कस्तुरी शांत उभी होती. तिला वाटलं असेल, आज माझे लाड चाललेत. मग त्यानं दोर बहिणीपुढे केला.

"तूच ने," तो म्हणाला. "मला न्हाई नेता यायची."

घोडा ज्याचा त्यानंच न्यायचा, हा आंबेमाळचा शिरस्ता. हर्षालीनं दोर घेतला. देवा, मी सकाळी चुकले, दुपारी चुकले, आता तिसऱ्यांदाही चुकू दे, असं ती मनात म्हणत होती. लाल लागलंच नाही तर लोक तिला वेड्यात काढतील, कमान उखडून टाकतील, तर टाकू देत. कस्तुरीची पावलं फरशीवर एकेक पडत गेली.

दिवा लाल झाला.

ती पडद्यापाशी गेली. धूर नव्हता, खाचांच्या रेघा नव्हत्या. हाड स्वच्छ दिसत होतं. दोन्ही पुढच्या पायांत ती बारीक तिरकी रेघ होती आणि काठाशी येऊन थांबली होती.

मग हमीदभाई आपल्या घोड्याकडे गेले, वाकले, आणि त्याच्या खुरातला चिखल उकरायला लागले. दुसऱ्या एकानं खिशातून आकडा काढला. शमीमभाभी आणखी कणीक आणायला वळल्या.

नामदेवदादा पडद्यासमोर येऊन उभा होता. त्याला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण तो बघत होता.

"लंगडली न्हाई गं ती," तो म्हणाला. "येक दिस न्हाई. येकदा जरी लंगडली असती तरी मी तिच्यावर माणूस बसवला असता का?"

हर्षालीला हे सांगायचं नव्हतं. पण तो उत्तराची वाट बघत होता.

"दादा, दोन्ही पाय दुखत होते. ती लंगडणार कुठल्या पायावर?"

तो कस्तुरीकडे गेला. रोजच्या सवयीनं वाकून त्यानं तिचा पुढचा पाय उचलायला हात घातला, आणि तो अर्ध्यावरच थांबला. उचलला असता तर सगळा भार दुसऱ्या पायावर गेला असता. त्यानं पाय सोडला, दुसऱ्या पायाकडे पाहिलं, आणि हात कुठे ठेवावा हे न कळून तो तसाच वाकलेला राहिला.